कर्जाचा हप्ता आणि उतारवयाची तरतूद

भंडारा शहराची ख्याती पितळी भांड्यांसाठी आहे. या भांड्यांचा एक उपयोग मात्र स्वयंपाकघराबाहेरचा होता, आणि तो आता विस्मरणात चालला आहे. धानाचे पीक हाती लागले, की घरात एखादा गुंड, एखादी परात वाढे. आणि आषाढात रोवणीची मजुरी भागविण्यासाठी, किंवा घरात आजारपण आले म्हणजे, तेच भांडे सावकाराकडे गहाण पडे. भांडे घरात असले म्हणजे बचत, सावकाराच्या कोठीत गेले म्हणजे कर्ज. एकाच वस्तूचे हे दोन जन्म खेड्यातील प्रत्येक गृहिणीस ठाऊक होते. १९७५ च्या ऑगस्टमध्ये महाराष्ट्र शासनाने कर्जमुक्तीचा वटहुकूम काढला आणि लहान शेतकरी, ग्रामीण कारागीर, मजूर व कामगार यांची सावकारी कर्जे संपुष्टात आणून गहाण वस्तू परत करण्याचा आदेश दिला, तेव्हा त्या आदेशाचा अर्थ अशा घरांना कोणत्याही भाष्यावाचून कळला असला पाहिजे. पुढे त्या कायद्यास आव्हान दिले गेले आणि १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरविला.

पितळी भांड्याची ती जागा आता पगारपत्रकाने घेतली आहे. जिल्हा परिषदेचा शिक्षक असो, तहसील कार्यालयातील लिपिक असो वा माध्यमिक शाळेतील कारकून असो, त्याच्या पगारपत्रकाच्या डाव्या अंगाला मूळ वेतन व भत्ते असतात आणि उजव्या अंगाला कपाती. डावी बाजू सांगताना मान ताठ असते. उजवी बाजू सहसा कोणास दाखविली जात नाही. भविष्य निर्वाह निधी किंवा अंशदान, व्यवसाय कर, विमा, आणि त्याखाली पगारदार नोकरांच्या सहकारी पतसंस्थेचा हप्ता. नियमित कर्ज, आकस्मिक कर्ज, मासिक वर्गणी अशी त्याची पोटखाती. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या ४९ व्या कलमान्वये सभासदाने तसा करार लिहून दिला असेल, तर मालकाने हा हप्ता पगारातून परस्पर कापून संस्थेकडे भरावयाचा असतो. पगार हाती पडण्यापूर्वीच हप्ता गेलेला असल्यामुळे या संस्थांना थकबाकीची चिंता इतर सहकारी संस्थांच्या मानाने फार थोडी. संस्थेच्या दृष्टीने ही व्यवस्था उत्तम आहे. सभासदाच्या दृष्टीने ती तितकीच उत्तम आहे काय, हा निराळा प्रश्न.

पगारदार माणूस कर्जबाजारी असू शकतो, हेच समाजाला मुळी मान्य नसते. कर्ज म्हटले की शेतकऱ्याची मूर्ती डोळ्यांसमोर येते, आणि या जिल्ह्यापुरते बोलावयाचे तर ते स्वाभाविकही आहे. कर्जनिवारणाच्या कायद्यांचा इतिहास या भागात जुना आहे. भंडारा जिल्हा मध्यप्रांतात असताना १९३३ मध्ये तेथील विधिमंडळाने कर्ज-तडजोडीचा कायदा केला. धनको व ऋणको यांना मंडळापुढे बसवून कर्जाची रक्कम आपसांत कमी करून घेण्याची ती योजना होती. १९३९ मध्ये कर्जनिवारणाचा आणखी एक कायदा आला. त्यानंतर १९७५ चा उल्लेखिलेला कायदा, २००८ ची केंद्र शासनाची कर्जमाफी, २०१७ आणि २०१९ मध्ये राज्य शासनाने जाहीर केलेल्या कर्जमाफीच्या योजना, अशी ही परंपरा आहे. या सर्वांचा रोख शेतकरी व कष्टकरी यांच्याकडे होता आणि तो तसाच असावयास हवा होता. तथापि, या परंपरेत एक उणीव सर्वत्र आढळते. जुने कर्ज पुसले गेले. ज्या कारणांनी ते झाले होते, ती कारणे जागीच राहिली. आणि कर्ज फिटलेल्या माणसाने साठीनंतर काय खावे, याचा विचार त्या कायद्यांच्या कक्षेतच नव्हता. कर्जमुक्ती आणि वृद्धापकाळाची तरतूद या दोन स्वतंत्र बाबी मानल्या गेल्या. वस्तुतः त्या एकाच वहीच्या दोन बाजू आहेत.

पगारदाराचे कर्ज कोठे सुरू होते? पुष्कळांच्या बाबतीत ते नोकरीच्या पहिल्या दिवशीच सुरू झालेले असते. २००० साली राज्यात शिक्षणसेवक योजना आली. डी. एड. झालेल्या तरुणाने तीन वर्षे दरमहा तीन हजार रुपये मानधनावर काम करावे आणि मग त्यास वेतनश्रेणी मिळावी, असा तिचा प्रारंभीचा आराखडा होता. पुढे मानधन वाढले. १ जानेवारी २०२३ पासून ते प्राथमिक स्तरावर सोळा हजार झाले. पण पहिल्या पिढीने ती तीन वर्षे कशी काढली, हे आठवावयास हवे. लाखांदूर तालुक्यातील घर, तुमसर तालुक्यातील शाळा, भाड्याची खोली, आणि ‘मुलगा मास्तर झाला’ म्हणून घरच्यांच्या वाढलेल्या अपेक्षा. वेतनश्रेणी लागली त्या महिन्यापासून मागील तीन वर्षांची उधारी फेडण्यास प्रारंभ झाला. त्याच सुमारास बहिणीचे किंवा स्वतःचे लग्न निघाले. बांधीत धान होते, परंतु धानाचा पैसा वर्षातून एकदा येतो आणि पगार दरमहा येतो. त्यामुळे एकत्र कुटुंबात रोख पैशाची प्रत्येक गरज दरमहा पगार आणणाऱ्याकडे वळणे अपरिहार्य होते. खत, पऱ्हे, रोवणी, तेरवी, धाकट्या भावाची फी, आणि अंगणात घर बांधण्याचे वडिलांचे जुने स्वप्न. यांपैकी कोणत्याही खर्चास उधळपट्टी म्हणता यावयाचे नाही. मध्यमवर्गीयाने चैनीपायी कर्ज काढले, असे सुनावणाऱ्यांनी हा जमाखर्च एकदा वाचून पाहावा.

हे कर्ज एकदा होऊन संपत नाही, याचे कारण मात्र सभासदाच्या आणि संस्थेच्याही सवयीत आहे. सहकाराच्या परिभाषेत त्याला ‘नवे-जुने’ म्हणतात. समजा, एखाद्या शिक्षकाने शेकडा बारा दराने दहा वर्षांच्या मुदतीचे दहा लाख रुपये कर्ज घेतले. त्याचा मासिक हप्ता सुमारे १४,३५० रुपये येतो. चार वर्षे तो हप्ता इमानाने कापला गेला, म्हणजे जवळजवळ सहा लाख नव्वद हजार रुपये भरून झाले. तोपर्यंत मुद्दल किती फिटले असेल? अवघे दोन लाख पासष्ट हजारांच्या आसपास. बाकीचे व्याज. सुमारे सात लाख तेहतीस हजार रुपये अजून शिल्लकच असतात. याच वेळी वेतन आयोगामुळे पगार वाढतो, संस्थेची वार्षिक सभा कर्जमर्यादा वाढवून पंधरा लाख करते, आणि जुने कर्ज नव्यात वळते करून सात लाखांहून अधिक रक्कम हाती देते. घरात त्या दिवशी आनंद असतो. पण दहा वर्षांचे घड्याळ पुन्हा शून्यापासून चालू झालेले असते आणि हप्ता एकवीस हजारांच्या पुढे गेलेला असतो. असे नवे-जुने तीनदा केले, की माणूस अठ्ठावन्न वर्षांचा होतो. मग सेवा-उपदानाच्या व अंशराशीकरणाच्या रकमेतून संस्थेची बाकी प्रथम वळती होते आणि उरलेल्यावर निवृत्तीचे जीवन सुरू होते.

जुन्या पिढीला हे पेलले, त्यास कारण होते. महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ खाली अखेरच्या वेतनाच्या निम्मे निवृत्तिवेतन, त्यावर महागाई भत्ता आणि पश्चात पत्नीस कुटुंब निवृत्तिवेतन मिळत असे. अखेरीस हाती आलेली सर्व रक्कम कर्जात गेली, तरी पहिल्या तारखेचा आधार सुटत नव्हता. बचत केली नाही तरी म्हातारपण निभावून जात होते, असे म्हणावयास हरकत नाही. १ नोव्हेंबर २००५ रोजी वा त्यानंतर शासकीय सेवेत आलेल्यांसाठी हा आधार काढून घेण्यात आला आणि परिभाषित अंशदान योजना लागू झाली. तीच पुढे राष्ट्रीय निवृत्तिवेतन प्रणालीत विलीन झाली. कर्मचाऱ्याचे दहा टक्के, शासनाचे प्रारंभी तितकेच व पुढे चौदा टक्के, बाजारात गुंतविलेली रक्कम, आणि निवृत्तीच्या वेळी त्यातील किमान चाळीस टक्के रकमेची वर्षासने. हातात पडणारा आकडा किती, हे आधी कोणी सांगू शकत नाही. ३१ ऑक्टोबरला रुजू झालेला आणि दुसऱ्या दिवशी रुजू झालेला असे दोन शिक्षक एकाच शाळेत, एकाच वेतनश्रेणीत, शेजारच्या दोन वर्गांवर शिकवितात. त्यांच्या म्हातारपणात मात्र एका दिवसाने अंतर पाडले. ज्यांची नेमणूक त्या तारखेच्या आधीची, पण शाळेला पूर्ण अनुदान नंतर मिळाले, त्यांचा वाद तर आणखीच गुंतागुंतीचा.

या जिल्ह्यात तलावांची उपमा कोणासही समजावून द्यावी लागत नाही. कोहळी समाजाच्या जाणकारांनी बांधलेले तलाव मालगुजारांच्या देखरेखीखाली शतकानुशतके धान पिकवीत आले. पावसाळ्यात साठलेले पाणी धान निसवण्याच्या वेळी, म्हणजे पाऊस पाठ फिरवितो नेमक्या त्या वेळी, बांध्यांना मिळावे, एवढीच त्यामागील योजना. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली. ती जाणे न्याय्यच होते; पण तलाव शासनाकडे गेल्यावर गाळ कोणी काढावा आणि पाळ कोणी राखावी, याचे उत्तर धूसर झाले. ‘मामा तलाव’ या आपुलकीच्या नावामागे माजी मालगुजारी तलाव हा सरकारी शब्दप्रयोग दडला आहे. २००५ नंतरच्या नोकरदाराची स्थिती काहीशी अशीच आहे. सामायिक तलाव जाऊन प्रत्येकाच्या शेतात एकेक शेततळे आले. ते किती खोल असावे, पाणी झिरपते काय, हे पाहण्याची जबाबदारी त्याची. आणि ते खणण्याच्या वयात त्याच्या दोन्ही हातांना कर्जाचा हप्ता बांधलेला.

मार्च २०२३ मध्ये राज्यातील कर्मचारी व शिक्षक ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ ही घोषणा देत १४ तारखेपासून सात दिवस संपावर गेले, तो याच जाणिवेचा उद्रेक होता. त्यानंतर त्या महिन्याच्या अखेरीस राष्ट्रीय निवृत्तिवेतन प्रणालीतील कर्मचाऱ्यांच्या कुटुंबांना कुटुंब निवृत्तिवेतन व मृत्यू-उपदान देण्याचा निर्णय झाला. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राने एकीकृत निवृत्तिवेतन योजना जाहीर केली आणि लगोलग राज्य मंत्रिमंडळानेही तिला मान्यता दिली. पंचवीस वर्षांच्या सेवेनंतर अखेरच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या निम्मी रक्कम, असे तिचे सूत्र आहे. संघटनांचे यावर समाधान झाले नाही. या वादाचा निकाल काहीही लागो, त्यावर विसंबून पगारदाराने आपली वही मिटून ठेवणे धोक्याचे आहे. २००५ साली पंचविशीत नोकरीला लागलेला शिक्षक २०३८ मध्ये निवृत्त होणार आहे. संपाची घोषणा त्याच्या निवृत्तिवेतनात भर घालील. पतसंस्थेचे कर्ज ती फेडणार नाही.

मग फेडावे कसे? पहिली गोष्ट, सर्व कर्जे एका कागदावर मांडावी लागतात, आणि अनुभव असा की हेच काम सर्वांत अवघड जाते. पतसंस्थेचे कर्ज पत्नीस ठाऊक असते. मित्राकडून उसनवार घेतलेले, सोनाराकडील तारण आणि ‘शेकडा तीन’ने घेतलेले खाजगी कर्ज ठाऊक नसते. ‘शेकडा तीन’ हा शब्द ऐकावयास किरकोळ वाटतो. तो दरमहाचा दर आहे. वर्षाला तो छत्तीस होतो. २०१४ च्या सावकारी नियमन कायद्याखाली शासनाने ठरविलेला बिगरशेती कर्जाचा कमाल दर तारणी कर्जास वार्षिक पंधरा व विनातारण कर्जास अठरा टक्के आहे, ही माहिती घेणाऱ्याला नसते आणि देणारा ती देत नाही. पन्नास हजारांचे असे कर्ज असेल आणि केवळ व्याजापोटी दरमहा दीड हजार दिले जात असतील, तर तीन वर्षांत चौपन्न हजार भरूनही पन्नास हजार जसेच्या तसे उभे राहतात. तेच कर्ज दरमहा पाच हजारांप्रमाणे फेडले, तर जेमतेम वर्षभरात संपते. म्हणून अधिक दराचे कर्ज आधी, हा नियम गणिताने निर्विवाद आहे. काही संसारी माणसे लहानातील लहान कर्ज आधी मिटवितात. एक खाते बंद झाल्याचा धीर पुढच्या खात्यास उपयोगी पडतो, हे त्यांचे म्हणणेही अगदीच टाकाऊ नाही. दोहोंत एक अट समान आहे : तोपर्यंत नवे-जुने नाही. ‘मर्यादा वाढली आहे, उचलून ठेवा’ हा शिक्षकांच्या बैठकीत हमखास मिळणारा सल्ला त्या काळापुरता न ऐकणे, हीच निम्मी कर्जफेड.

आणि जामीनकी. एकमेकांस जामीन राहणे हा या नोकरवर्गातील सौजन्याचा भाग झाला आहे; नकार देणे म्हणजे स्नेह तोडणे. परंतु जामीनदाराची सही ही कर्जदाराच्याच सहीइतकी बांधील असते. सहकाऱ्याची बदली, निलंबन वा अकाली मृत्यू झाल्यावर आपल्या पगारातून कपात सुरू झाल्याचे पाहून चकित होणारे लोक दरवर्षी आढळतात. आपली स्वतःची कर्जे मांडताना त्या कागदावर जामीनकीची एक ओळ असलीच पाहिजे.

कर्ज फिटल्यानंतरचा महिना सर्वांत महत्त्वाचा. पाच हजारांचा हप्ता संपला, म्हणजे पगारात पाच हजार वाढले असे घर समजते आणि तीन महिन्यांत ते कोठे गेले हे कोणास सांगता येत नाही. तीच रक्कम त्याच तारखेस बाजूस पडू लागली तर काय होईल? शेकडा सात दर धरला, तर अडतिसाव्या वर्षी सुरुवात करणाऱ्याचे अठ्ठावन्नाव्या वर्षी सुमारे सव्वीस लाख होतात. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी सुरुवात करणाऱ्याचे साडेआठ लाखांच्या थोडे वर. काळ निम्मा, रक्कम मात्र तिसऱ्या हिश्श्याएवढी. अर्थात हा आकडा पाहून हुरळून जाण्याचे कारण नाही. भाववाढ वर्षाला सहा टक्के राहिली, तर बारा वर्षांत रुपयाची किंमत अर्धी होते. १९६८ पासून चालत आलेली सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीची योजना पंधरा वर्षे पैसा अडकवून ठेवते, ही तिची अडचण मानली जाते; लग्नसराईत पैसा मागावयास येणाऱ्या आप्तांचा विचार केला, तर हाच तिचा गुण ठरतो.

पतसंस्थांनी यात अधिक काही करावयास हवे. वार्षिक सभेत गदारोळ होतो तो व्याजदर कमी करावा की लाभांश वाढवावा, यावर. कायद्याने लाभांशास पंधरा टक्क्यांची मर्यादा आहे. परंतु त्या मर्यादेच्या जवळ जाणारा लाभांश जाहीर झाला की टाळ्या पडतात, आणि तो कर्जदार सभासदांच्या व्याजातूनच आला, हे टाळ्या वाजविणारा कर्जदार विसरतो. लाभांश भागभांडवलावर मिळतो. ज्याचे भाग अधिक, त्यास तो अधिक. नव्याने नोकरीस लागलेला तरुण व्याज भरतो आणि निवृत्तीस टेकलेला, कर्ज नसलेला सभासद लाभांश नेतो, असे चित्र काही ठिकाणी निर्माण होते. संस्था व्याजदर एका टक्क्याने उतरवू शकते. निवृत्तीस दहा वर्षे उरलेल्या सभासदाची कर्जमर्यादा टप्प्याटप्प्याने कमी करू शकते. आणि कर्ज फिटताच तेवढीच कपात सभासदाच्या संमतीने त्याच्याच मुदत ठेवीकडे वळवू शकते. करारपत्र तेच, कपातीची यंत्रणा तीच. बदलावयाचे ते एक खाते. निवडणुकीच्या वर्षात कर्जमर्यादा वाढविणाऱ्या पॅनेलला मते मिळतात, मर्यादा घालणाऱ्यास मिळत नाहीत, ही त्यातील खरी अडचण.

हे सारे पगारदाराचे झाले. त्याच गावात, त्याच शाळेच्या मागल्या आळीत विडी वळणाऱ्या बाईच्या वहीची गोष्ट अधिक अवघड आहे. भंडारा व १९९९ मध्ये त्यातून वेगळा झालेला गोंदिया हा विडी उद्योगाचा जुना मुलूख. विडी कामगारांसाठी १९६६ चा कायदा आला, १९७७ पासून भविष्य निर्वाह निधीचा कायदा या उद्योगास लागू झाला, आणि घरी बसून विड्या वळणारी बाईही कामगारच होय, तिलाही हा निधी मिळालाच पाहिजे, हे १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले. कागदावर तिचा हक्क पक्का आहे. पण हाताला काम देणारा सट्टेदार बदलतो, पुस्तिकेवर नाव माहेरचे आणि आधारपत्रावर सासरचे असते, मधली काही वर्षे नोंदच होत नाही. निवृत्तिवेतनास दहा वर्षांची सेवा लागते. ती भरत नाही असे दिसले, की जमेल ती रक्कम काढून ती मोकळी होते, आणि ती रक्कम बहुधा मायक्रोफायनान्सच्या हप्त्यात जाते. रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये अशा कुटुंबाच्या सर्व कर्जांचे हप्ते उत्पन्नाच्या निम्म्याहून अधिक नसावेत, असा नियम घालून दिला. आठवड्याच्या गटबैठकीत उत्पन्नाचा आकडा मात्र वसुली करणाऱ्याच्याच हाताने लिहिला जाण्याचा संभव असतो.

जिची सेवा वीस वर्षे भरली, तिचे गणितही पाहण्यासारखे आहे. १९९५ च्या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेत निवृत्तिवेतनपात्र वेतनास सेवेच्या वर्षांनी गुणून सत्तरने भागावयाचे असते. वेतन तीन हजार धरले आणि सवलतीची दोन वर्षे मिळविली, तर ९४३ रुपये येतात. सप्टेंबर २०१४ मध्ये किमान निवृत्तिवेतन एक हजार ठरले, म्हणून तिला हजार मिळू लागले. पुढची दहा वर्षे तो आकडा हलला नाही. तिच्या सुनेला अटल पेन्शन योजनेत अठराव्या वर्षी दरमहा २१० रुपये भरून साठीनंतर पाच हजारांची हमी घेता येते. चाळिसाव्या वर्षी त्याच पाच हजारांसाठी दरमहा १,४५४ रुपये लागतात. गावात ही दोन आकड्यांची गोष्ट वाचून समजावून देऊ शकेल असा माणूस म्हणजे शाळेतला मास्तर किंवा ग्रामपंचायतीतला कारकून, आणि त्याची स्वतःची वही वर सांगितल्याप्रमाणे.

नोव्हेंबरात धान कापणीला आलेला असतो आणि बँकेत हयातीच्या दाखल्यासाठी रांग लागते. चेहऱ्यावरून ओळख पटविण्याची सोय २०२१ मध्ये आली, तरी शाखेतील यंत्र पुष्कळदा अंगठाच मागते. तेंदूपान कापून आणि विड्या वळून झिजलेला अंगठा पहिल्या खेपेस उमटत नाही. कारकून हात पुसून पुन्हा टेकवावयास सांगतो. रांगेत तिच्या मागे गावच्या शाळेतून निवृत्त झालेले गुरुजी आपले पुस्तक घेऊन उभे असतात.